वाचकांचे प्रश्न : डर्बीच्या घोड्याची पारख

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर फेब्रुवारीच्या आरंभी इंडियन डर्बी होते, आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख घोड्यांकडे वळतो. यंदाची पत्रे बहुतेक कोकण किनाऱ्यावरून आलेली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी शर्यतीचे बैल होते, त्यामुळे जनावर पाहण्याची नजर आहे. पण डर्बीचे सगळेच घोडे तुकतुकीत आणि एकसारखे दिसतात. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या जागी, जी काही मिनिटे मिळतात, त्यांत नेमके काय पाहावे? (नागाव, ता. अलिबाग)

उत्तर : आधी चाल पाहावी, बाकीचे नंतर. सईस घोड्याला लगाम धरून फिरवत असतो तेव्हा घोडा मोकळेपणाने चालतो आहे की अंग चोरतो आहे, हे दोन फेऱ्यांत कळते. आपण नागावचे आहात, तेव्हा याचा सराव घरच्या घरी करता येईल. ओहोटीनंतर पाणी नुकतेच मागे सरलेल्या घट्ट वाळूवरून किनाऱ्यावरचा एखादा घोडा सावकाश चालवत नेण्यास सांगावे आणि मागाहून ठसे तपासावेत. पुढच्या पायाचा खूर जिथे उमटला, त्याच बाजूच्या मागच्या पायाचा खूर त्याच्या पुढे पडला असेल, तर घोड्याची कंबर सुटी आहे आणि मागचे पाय पोटाखाली नीट येत आहेत असे समजावे. मागचा खूर पुढच्या ठशाच्या अलीकडेच पडत असेल, तर पाठ, कंबर किंवा मागचा सांधा कुठेतरी आखडलेला असण्याचा संभव आहे. ठसे एका रेषेत आहेत की मागचे पाय आत-बाहेर फेकले जात आहेत, हेही वाळू स्वच्छ दाखवते. अशा काही जनावरांचे ठसे पाहिले की पॅडॉकच्या गवतावर ठसे दिसत नसतानाही डोळ्यांना तीच गोष्ट दिसू लागते.

त्यानंतर समोरून गुडघे पाहावेत. गुडघ्याखालची नळी गुडघ्याच्या मध्यावर नसून बाहेरच्या अंगाला सरकलेली असेल, तर धावताना भार एकाच बाजूवर येतो. मात्र या दोषाचे वजन वयानुसार बदलते, आणि अनेक जाणकार मंडळीही इथे घाई करतात असे माझे मत आहे. वर्षाचे शिंगरू विकत घेताना वाकडा गुडघा ही मोठी अडचण ठरते, कारण त्याच्या हाडांची वाढ अजून चालू असते आणि पुढचा सगळा सराव त्या पायांवर पडायचा असतो. डर्बीत उतरणारा घोडा चार वर्षांचा असतो. त्याने सरावाचा आणि शर्यतींचा भार आधीच पेललेला असतो. त्याच्या गुडघ्यावर जे प्रश्नचिन्ह होते, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले असते. म्हणून डर्बीच्या दिवशी बांध्यापेक्षा त्या दिवसाची तब्येत अधिक पाहावी : शेवटच्या दोन-तीन बरगड्या अंधूक दिसाव्यात, कमरेवरचे मांस भरीव असावे, पोट ओढलेले नसावे.

घामाविषयी एक सावधगिरी. मुंबईच्या दमट हवेत दुपारी मानेवर थोडा घाम येणे स्वाभाविक आहे. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस जमला असेल, घोडा सारखी मान झटकत असेल आणि सईसाला दोन्ही हातांनी आवरावे लागत असेल, तर तो घोडा आपली शक्ती शर्यतीआधीच खर्च करतो आहे. २४०० मीटरच्या शर्यतीत ही उधळपट्टी शेवटच्या वळणानंतर दिसते. तरीही काही घोडे स्वभावानेच असे असतात आणि तसेच जिंकतात. त्यामुळे तुलना शेजारच्या घोड्याशी न करता त्याच घोड्याच्या मागच्या शर्यतीच्या दिवसाशी करावी.

प्रश्न : डिसेंबरमध्ये ‘दोन हजार गिनीज’ ही शर्यत मोठ्या अंतराने जिंकणारा घोडा डर्बीतही पहिला येईल असे सगळे म्हणतात. हे कितपत खरे मानावे? (गुहागर)

उत्तर : अर्धे खरे मानावे. दोन हजार गिनीज १६०० मीटरची आणि डर्बी २४०० मीटरची. अंतर दीडपट होते, आणि या वाढलेल्या ८०० मीटरमध्येच डर्बीचा निकाल लागतो. शिवाय घोड्यांचे वय १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गिनीजमध्ये तीन वर्षांचे म्हणून धावलेले घोडे डर्बीत चार वर्षांचे म्हणून उतरतात. कागदावरचे हे वर्ष सोडले तरी वाढत्या वयाच्या घोड्यात दोन महिन्यांत खरोखर फरक पडतो. डिसेंबरमध्ये लांब पायांचा, ढिला, चौथा-पाचवा आलेला घोडा फेब्रुवारीत अंगाने भरून वेगळाच दिसू शकतो.

म्हणून गिनीजचे चित्रीकरण पुन्हा पाहावे, आणि या वेळी नजर विजेत्यावर न ठेवता शेवटच्या ४०० मीटरमध्ये कोणता घोडा मागून अंतर कापत होता हे पाहावे. जिंकलेल्या घोड्याने आघाडी कधी घेतली, विजयरेषेपर्यंत त्याचे पाऊल तसेच लांब राहिले की आखूड होऊ लागले, जॉकीला चाबूक उचलावा लागला की हातांनीच काम झाले, या गोष्टी अंतराच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतात. सुरुवातीचा वेग फार मंद असेल तर मागचे घोडे कितीही चांगले असले तरी पुढच्याला गाठू शकत नाहीत, आणि अशा शर्यतीतला मोठा विजय फसवा असतो. उलट, सुरुवातीपासून वेग कडक असताना जो घोडा शेवटीही धावतच राहिला, त्याला २४०० मीटरची भीती नसते.

वंशावळही इथे कामाला येते. बापाची संतती लांब पल्ल्यावर जिंकते का हे लोक पाहतात, पण आईकडच्या बाजूकडे, विशेषतः आईच्या बापाकडे, दुर्लक्ष होते. आयर्लंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की स्नायूंची वाढ नियंत्रित करणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकाच्या एका फरकावरून थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याला कमी पल्ला मानवेल की लांब, याचा अंदाज बांधता येतो. या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून येते. त्यामुळे वेगवान बापाचा, पण दमदार घराण्यातील आईचा घोडा मध्यम आणि लांब अशा दोन्ही पल्ल्यांवर चालणारा निघू शकतो. असे घोडे मला गिनीजच्या विजेत्याइतकेच महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांच्यावर पैजेचा भावही सहसा जास्त मिळतो.

प्रश्न : आमच्याकडे किनाऱ्यावर घोडे पळवतात. वाळूत सराव केलेला घोडा अधिक काटक असतो का, आणि तो महालक्ष्मीला धावू शकतो का? (मुरूड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. महालक्ष्मीला फक्त थरोब्रेड घोडे धावतात. त्यांची जन्मनोंद स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशनोंदवहीत, असावी लागते आणि आईबापांची खातरजमा तपासणीने होते. किनाऱ्यावरचा घोडा कितीही वेगवान असला तरी त्याला तिथे प्रवेश नाही. सरावाविषयी सांगायचे तर भरतीरेषेजवळची ओली, घट्ट वाळू चांगली, आणि गुडघाभर समुद्राच्या पाण्यात चालवल्याने पायांनाही आराम पडतो. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू मात्र तरुण घोड्याच्या पायांतील कंडरांवर अतिशय ताण आणते. चारा वाळूवर टाकू नये. वाळू पोटात साचून पोटशूळ होतो.

प्रश्न : भाव म्हणजे नक्की काय, आणि तो पाहून पैसे कसे लावावेत? फेव्हरिटवर, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर, लावणे सुरक्षित नाही का? आणि तनाला ही पैज खेळावी का? (वेंगुर्ला)

उत्तर : कोणता घोडा चांगला आणि कोणत्या घोड्यावर पैसे लावणे योग्य, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे लोक जितके पैसे गमावतात तितके वाईट घोडा निवडल्यामुळे गमावत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा असतो की बुकीच्या फळीकडे किंवा वर्तमानपत्रातल्या भावाकडे पाहण्याआधी प्रत्येक घोड्याला जिंकण्याची किती टक्के संधी आहे, हे आपल्या वहीत लिहून काढावे आणि बेरीज १०० आहे ना ते पाहावे. एकदा भाव डोळ्यांखालून गेला की मन त्याच्याच मागे जाते.

मग भावाची टक्केवारी काढावी. एकाला चार असा भाव म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास चार रुपये नफा आणि आपला रुपया परत; म्हणून संधी पाचांत एक, अर्थात २० टक्के. समजा सहा घोड्यांचे भाव दीड, तीन, चार, सहा, नऊ आणि पंधरा असे आहेत. त्यांची टक्केवारी अनुक्रमे ४०, २५, २०, १४.३, १० आणि ६.२५ येते आणि बेरीज साधारण ११५.५ होते. शंभराच्या वरचा हा भाग बुकीचा. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या सामायिक पैजेत, भाव आधी ठरलेला नसतो. सगळे पैसे एकत्र जमा होतात, त्यातून कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते.

आता यात कराची भर पडली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणीही पैसे लावू नयेत. सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरील पैजेला ४० टक्के जीएसटी लागू झाला, आणि तो नफ्यावर नसून पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे. १०० रुपयांच्या पैजेसाठी १४० रुपये मोजले आणि एकाला चार या भावाने घोडा जिंकला, तर हाती ५०० येतात, म्हणजे नफा ३६०. फायदा-तोटा समसमान राहण्यासाठी त्या घोड्याची खरी संधी २० टक्के नव्हे, २८ टक्के असावी लागते. दीडच्या भावाच्या फेव्हरिटला ५६ टक्के संधी असावी लागते. आणि शंभराला चाळीस असा भाव असेल, तर घोडा जिंकूनही आपले १४० रुपयेच परत मिळतात. यावरून फेव्हरिट किती सुरक्षित आहे ते आपणच ठरवावे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत.

तनालाविषयीही आपण विचारले आहे. त्यात पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे असतात. बारा घोडे असतील तर १३२० शक्यता होतात. तिथे घोड्याची पारख फारशी उपयोगी पडत नाही, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही.

प्रश्न : जावई फोनवरून कोणा माणसाकडे पैजा लावतात, आणि घोड्यांच्या शर्यतीला न्यायालयाने परवानगी दिली आहे असे म्हणतात. हे खरे आहे का? (हर्णै)

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, हे खरे आहे. पण आपल्या राज्यात ही मुभा परवानाधारक रेसकोर्स, तिथले टोट आणि परवानाधारक बुकी यांच्यापुरती आहे. गावात बसून परवाना नसलेल्या माणसाकडे पैजा लावणे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि तो माणूस पैसे बुडवून गेला तर दादही मागता येत नाही. जावईबापूंना हे कोणी तरी मोठ्या माणसाने, घरच्यांसमोर न रागावता, एकट्यात सांगावे. उधारीवर पैजा चालू झाल्या असतील तर मदत घेण्यास उशीर करू नये; शासनाच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा सवयींसाठीही उपयोगी आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : डर्बीत घोडीवर पैसे लावणे चूक ठरते का? (रत्नागिरी)

उत्तर : मुळीच नाही. १९४३ ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनेच जिंकली होती, आणि २०१० मध्ये जॅकलिनने ती जिंकली. घोडीला पाठीवर घोड्यापेक्षा दीड किलो कमी वजन दिले जाते, आणि २४०० मीटरवर तेवढा फरकही जाणवतो. फक्त एक गोष्ट तपासावी. ती घोडी त्याच अंतराची, फक्त माद्यांसाठीची इंडियन ओक्स ही शर्यत धावून डर्बीत येत असेल, तर मधले दिवस मोजावेत, ओक्समध्ये ती सहज जिंकली की शेवटपर्यंत झुंजली ते पाहावे, आणि पॅडॉकमध्ये तिचे पोट कमरेकडे ओढलेले दिसले तर वहीतली तिची टक्केवारी खाली आणावी.