परिपूर्णतेच्या हट्टापायी ऑनलाइन विक्री सुरूच होत नसेल, तर काय करावे?

आपण कऱ्हाडला घरी थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि कुळथाचे पीठ तयार करून ते ऑनलाइन विकण्याची तयारी आठ महिन्यांपासून करीत आहात, पाच वेळा लोगो बदलला, छायाचित्रे दोनदा काढली, संकेतस्थळही तयार आहे, पण दर वेळी काहीतरी उणे दिसते आणि विक्रीचा मुहूर्त पुढे जातो. या सवयीतून बाहेर कसे पडावे, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत राहते आणि हळदपूड व बेदाणा ऑनलाइन विकते. आपले आठ महिने गेले, माझे एकोणीस गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या सासरी मिरज तालुक्यात हळदीचे पीक आहे. 2018 च्या गुढीपाडव्याला विक्री सुरू करायची, या हिशेबाने मी त्या वर्षीची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून दळूनही आणली होती. पाडव्याच्या आठवडाभर आधी खोक्याचा पिवळा रंग मला हळदीच्या रंगाशी जुळत नाही असे वाटले, म्हणून नवा नमुना मागवला. तो आला तेव्हा अक्षरे लहान वाटली. त्याच वर्षी सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ते खोक्यावर छापता यावे यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी होईपर्यंत थांबावे, असे आणखी एक कारण मला सापडले. कारणे सगळी खरी होती, त्यामुळे आपण चालढकल करीत आहोत हे माझ्या लक्षात आले नाही. इकडे डब्यात भरलेली पूड जुनी होत होती. दसऱ्याला झाकण उघडले तेव्हा दळल्या दिवशी घरभर पसरलेला तो वास जवळजवळ राहिला नव्हता, आणि ती सगळी पूड मी नात्यागोत्यात वाटून टाकली. खोक्याच्या रंगासाठी मी हळदीचा वास घालवला होता.

पुढे ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा महापूर आला. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि आमच्या तळमजल्यावर कंबरेएवढे पाणी शिरले. दुसऱ्या वर्षीची हळद वरच्या मजल्यावर होती, ती वाचली. शेवटी मनासारखी छापून आलेली खोकी मात्र खाली होती. पाणी ओसरल्यावर ती फावड्याने ओढून बाहेर काढावी लागली. एकाही खोक्यातून एकही पाकीट कोणाला गेले नव्हते. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर मी साधे पाऊच आणले, जवळच्या दुकानातून चिकटवायची लेबले छापून घेतली आणि व्हॉट्सॲपवर तीन छायाचित्रे टाकून पहिली 30 पाकिटे विकायला काढली.

त्या 30 पाकिटांनी मला काय दाखवले, ते मुद्दाम तपशिलाने सांगते. माझे पाकीट 500 ग्रॅमचे होते. टपाल कार्यालयातील काट्यावर पार्सल ठेवले, तेव्हा पाऊच, खोके आणि चिकटपट्टी धरून वजन 560 ग्रॅम भरले. तेव्हा स्पीड पोस्टचा दर 500 ग्रॅमनंतर पुढच्या टप्प्यात जात असे, त्यामुळे त्या वरच्या 60 ग्रॅमसाठी मी पुढच्या संपूर्ण टप्प्याचे पैसे भरत होते आणि दर पाकिटामागे माझा नफा तिथेच संपत होता. एकोणीस महिन्यांत खोक्याचा रंग मी अकरा वेळा पाहिला होता, पण भरलेले खोके एकदाही काट्यावर ठेवले नव्हते. आता मी 200 ग्रॅमची दोन पाकिटे एकत्र पाठवते. त्याच आठवड्यात नागपूरहून एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "ताई, हळद छान आहे, पण पाकिटाचं एक टोक उकललंय, सगळं खोकं पिवळं झालंय." पाऊच बंद करताना काठावर पूड राहिली की तेवढ्या जागी प्लॅस्टिक नीट चिकटत नाही, ते आतील काठ कोरड्या फडक्याने पुसूनच यंत्राखाली धरावे लागते, हे मला त्या फोननंतर कळले. त्यांना मी दुसरे पाकीट विनामूल्य पाठवले आणि त्या आजही दरवर्षी नव्या हळदीची चौकशी करतात.

आता आपल्या बाबतीत घोडे नेमके कुठे पेंड खाते, ते पाहू. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा करणे, इतरांकडून ती करणे, आणि इतर लोक आपल्याकडून ती करतात असे मानून चालणे. आपण प्रश्नात लिहिले आहे की, "नातेवाईक आणि ओळखीचे लोक पान उघडून पाहतील आणि नावे ठेवतील" अशी आपल्याला धास्ती वाटते. ही तिसऱ्या प्रकारातली गोष्ट आहे, आणि तिच्यावर लोगो सहाव्यांदा बदलणे हा उपाय होऊ शकत नाही, कारण मुळात आपली शंका लोगोबद्दल नाहीच. तो दोष शोधणे आपल्याला सोपे जाते, एवढेच. मलाही खोक्याच्या रंगाची चिंता सोसवत होती. अनोळखी माणूस पैसे देऊन हळद घेईल आणि ती त्याला आवडणार नाही, ही चिंता सोसवत नव्हती.

यातून मला बाहेर काढले ते माझ्या माहेरच्या एका जुन्या पद्धतीने. माहेर तासगाव तालुक्यात आहे, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड आहे. बेदाण्यासाठी द्राक्षे केव्हा उतरवायची, हे माझा भाऊ घड पाहून ठरवत नाही. तो बागेच्या वेगवेगळ्या भागांतले मणी घेतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजण्याच्या उपकरणाच्या काचेवर ठेवतो, उजेडाकडे तोंड करून आकडा वाचतो, आणि ब्रिक्सचा, म्हणजे गोडीचा, आकडा 22 च्या पुढे गेला की काढणी धरतो. घडात चार मणी लहान असतात, दोनांवर डाग असतात, पण त्यासाठी काढणी थांबत नाही, कारण किती गोडी पुरेशी आहे हे हंगामाआधीच ठरलेले असते. पुढे तासगावच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, हिरवा, पिवळा आणि काळा असा सगळ्या प्रतींचा बेदाणा मांडला जातो आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भावाने घेणारा भेटतो. मी विचार केला की, माझ्या हळदीच्या पाकिटाला असा आकडा का नाही? "चांगले झाले का?" असे मनाला विचारले की मन कधीच हो म्हणत नाही, पण "सील केलेले पाकीट कमरेच्या उंचीवरून तीन वेळा टाकले तर उघडते का?" याला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते.

आपणही असे आकडे आजच कागदावर लिहून काढावेत, आणि ते फक्त अशाच गोष्टींचे असावेत ज्या चुकल्या तर परत घेता येत नाहीत. खाण्याच्या वस्तूत अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांबाबत मी अजूनही कठोर आहे आणि आपणही असावे. भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाही, कारण आत वाफ राहिली की पीठ खवट होते आणि जाळी धरते. तयार पाकिटांपैकी चार बाजूला ठेवावीत आणि दर पंधरा दिवसांनी एक उघडून वास घ्यावा, चव घ्यावी आणि तारीख घालून वहीत नोंदवावे. किती दिवसांत वापरावे याची जी मुदत आपण लेबलवर घालाल, ती या वहीतून आलेली असावी, अंदाजाने नव्हे. निव्वळ वजन काट्यावर प्रत्येक पाकिटाचे पाहावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा किंवा परवान्याचा 14 अंकी क्रमांक, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, तयार केल्याची तारीख, बॅच क्रमांक, सर्व करांसहित कमाल किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण हे लेबलवर हवेच. भाजणीत गहू असेल तर तो स्वतंत्रपणे जाहीर करणे आवश्यक आहे, कारण काही जणांना तो चालत नाही आणि तिथे आपली एक ओळ त्या माणसाची प्रकृती सांभाळते. या सगळ्यांत एकही तडजोड करू नका.

लोगो, संकेतस्थळाचा रंग, छायाचित्रांचा उजेड, मजकुरातील शब्द या उरलेल्या गोष्टी रात्री दहाला बदलल्या तरी सकाळी नव्या दिसतात. त्यांच्यासाठी एक दिवस द्या आणि तो संपला की जे असेल ते राहू द्या. अपवाद छापील पाऊचचा. ते बहुतेक वेळा छपाईच्या सिलिंडरवर छापले जातात आणि हजारोंच्या संख्येने घ्यावे लागतात, त्यामुळे वर्षभर तरी साधे पाऊच आणि चिकटवायची लेबले एवढ्यावर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या दोन महिन्यांत मी वजन, सूचना आणि किंमत मिळून लेबल चार वेळा बदलले.

आपल्या जिल्ह्यांना जवळचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, त्याच्या काही वर्षे आधी बेळगावला त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. तो खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही अडचण नांगराच्या फाळात कुठेच नव्हती आणि कारखान्यात बसून तो कितीही घासला असता तरी ती सापडली नसती. नांगर शेतकऱ्यापुढे नेला तेव्हाच ती समोर आली. आपल्या भाजणीलाही अशीच एखादी अडचण असणार. ती कोणती हे मला सांगता येणार नाही आणि आपल्यालाही घरात बसून ओळखता येणार नाही. कदाचित पुण्यातील एखाद्या मुलीला थालीपीठ थापताच येत नसेल आणि तिला भाजणीबरोबर पाण्याचे प्रमाण सांगणारी चिठ्ठी हवी असेल.

म्हणून पहिली खेप 40 पाकिटांचीच करा आणि त्यांतील निम्मी तरी अनोळखी माणसांना विका. नातेवाइकांना फुकट वाटू नका. ते मायेने छान म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही. पैसे मोजलेला माणूस खरे बोलतो. तक्रार आली तर काय करायचे, हे विक्रीच्या आधीच एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे फोन वाजला की छातीत धडधडणार नाही. "खराब निघाल्यास पैसे परत किंवा दुसरे पाकीट" एवढे पुरते. आणि तारीख स्वतःजवळ ठेवू नका. माझ्या वेळी मी ती सासूबाईंना सांगितली होती आणि त्यांनी त्या दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून मला फोन हातात दिला, त्यामुळे माघार घेता आली नाही. आपल्या घरात असे कोण आहे, ते आपल्याला ठाऊक असेल.

कऱ्हाडहून सांगलीला पार्सल बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. आपली पहिली खेप तयार झाली की येथेच खाली कळवा. मी पैसे भरून भाजणीचे एक पाकीट मागवीन, थालीपीठ लावून पाहीन आणि जे खटकेल ते मोकळेपणाने लिहीन.