गाभोळी भरली म्हणजे मादी तयार, असं नसतं

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ व्हाइट स्टर्जन या मोठ्या माशाच्या फार्मवर काम करतो. सोनोग्राफीत गाभोळी भरलेली दिसली की अंडी सोडायला लावणारं हार्मोनचं इंजेक्शन देऊन टाकायचं का?

नाही हो, थांबा जरा! सोनोग्राफीने नर-मादी कळते, गाभोळी किती भरलीय ते कळतं, पण अंड्याच्या आत केंद्रक कुठे बसलंय ते तिला दिसत नाही आणि खरी गोष्ट तर तीच आहे. पोटाला बारीक चीर देऊन नळीने वीसेक अंडी काढा, उकळा, बर्फावर गार करा आणि नव्या ब्लेडने टोकापासून टोकापर्यंत बरोबर मधोमध उभी कापा. अंडं पिकत जातं तसं केंद्रक वरच्या टोकाकडे सरकतं. त्या टोकापासून केंद्रकापर्यंतचं अंतर मोजायचं आणि अंड्याच्या व्यासाने भागायचं, यालाच पोलरायझेशन इंडेक्स म्हणतात. समजा अंडं ३.५ मिमी आणि अंतर ०.२८, म्हणजे इंडेक्स ०.०८. साधारण ०.१ च्या खाली आला की मादी अंडी सोडायच्या जवळ आली समजा. एका अंड्यावर जाऊ नका, सरासरी काढा, कारण तिरकं कापलं की आकडा खोटा येतो (माझी सुरुवातीची निम्मी तिरकीच जायची).

प्रश्न: इंडेक्स चांगला होता तरी मादीने अंडी सोडली नाहीत, असं का?

केंद्रक जागेवर असलं तरी अंडं हार्मोनला दाद देईलच असं नाही. म्हणून थोडी अंडी रिंगर द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घालून १६ अंशांच्या आसपास रात्रभर ठेवा, थोडी बिनाहार्मोनची बाजूला, सकाळी सगळी उकळून कापा. हार्मोनवाल्यांत केंद्रक विरघळून गेलं असेल तरच इंजेक्शन, नाहीतर थंड पाण्यात ठेवून पुन्हा तपासा. पाणी मात्र बघा, शेवटच्या टप्प्यात १८ अंशांकडे गेलं की मादी तयार अंडी स्वतःच जिरवायला लागते आणि वर्ष गेलं.

प्रश्न: मी रत्नागिरीत फिशरीज शिकतेय. रोहूला आम्ही पोट मऊ लागलं की इंजेक्शन देतो, मग इथेच एवढा खटाटोप का?

रोहूची मादी दुसऱ्या वर्षी तयार होते आणि दर पावसाळ्यात पुन्हा मिळते, त्यामुळे एखादी चुकली तर फार बिघडत नाही. फार्मवरची स्टर्जन मादी पहिल्यांदा तयार व्हायलाच सात-आठ वर्षं किंवा जास्त घेते, पुढेही दरवर्षी अंडी देत नाही. बाकी दोन्हीकडची पद्धत जवळचीच आहे, १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी रोहूसारख्या भारतीय कार्प माशांना पिट्युटरीचं (मेंदूखालच्या ग्रंथीचं) इंजेक्शन दिलं, तशीच कार्पची पिट्युटरी स्टर्जनलाही चालते. आणि गंमत म्हणजे स्टर्जनची चिकट अंडी सुटी करायला चक्क मुलतानी माती वापरतात!