नवा थर्मल प्रिंटर कोरी पावती देतोय आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येताहेत, काय करू?

आधी रोल काढून कागदावर नखाने जोरात ओरखडा मारा. ज्या बाजूला काळी रेघ उमटेल ती बाजू प्रिंटरच्या हेडकडे, म्हणजे तापून छापणाऱ्या भागाकडे हवी. यात शाई नसतेच, कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो. नारायण पेठेतल्या आमच्या दुकानात मीही पहिल्या दिवशी रोल उलटा घालून विक्रेत्याला तीन फोन केले होते, त्यामुळे लाजू नका.

मग प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच चालू करा. बहुतेक मॉडेलमध्ये चाचणीची पट्टी बाहेर येते. ती नीट छापली गेली तर मशीन ठणठणीत आहे, घोळ मोबाइलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ब्लूटूथचा पिन सहसा ०००० किंवा १२३४. अ‍ॅपमध्ये कागदाची रुंदी बघा: दोन इंची म्हणजे ५८ मिमी, तीन इंची म्हणजे ८० मिमी. चुकीची निवडली की रकमेचा आकडाच कडेला कापला जातो, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच विचारतं!

मराठीचं दुखणं वेगळं. स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, म्हणून ‘बाकरवडी’ची प्रश्नचिन्हं होतात. बिलिंग अ‍ॅपमध्ये पावती चित्र म्हणून छापायचा पर्याय असेल तर तो लावा. छपाई जरा हळू होते, पण जोडाक्षरंही नीट येतात.

आणि हो, या पावत्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर पुसट होतात. हिशेबाला लागणाऱ्यांचा फोटो काढून ठेवा.