विमान सुरक्षेच्या नियमांचा खर्च वसूल होतो का?

सोलापूरसारख्या लहान विमानतळाला एवढे कडक नियम परवडतात का, असं तुम्ही विचारलंय. सरसकट उत्तर नाही, एकेका नियमाचा हिशोब घालावा लागतो.

आपली चिमणीच घ्या. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी ९० मीटरच्या आसपास उंच होती. उपकरणांच्या आधारे विमानं उतरणाऱ्या मोठ्या धावपट्टीभोवती ४ किलोमीटरच्या टापूत ४५ मीटरहून उंच काही चालत नाही. उतरण्याच्या रेषेत तर दर ५० मीटर अंतरामागे १ मीटर उंची, एवढीच मुभा.

अतिरेक वाटेल, पण अडथळा ठेवला तरी पैसे जातातच. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन उड्डाणातच बंद पडलं, तर चाकं आत घेतल्यावर त्याला १०० मीटरमागे किमान २.४ मीटर चढता आलं पाहिजे. अडथळा ओलांडण्याच्या गणितात त्यातलेही ०.८ सोडून देतात, उरतात १.६. तेवढ्यात वाटेतली चिमणी पार होत नसेल तर वजन उतरवायचं, म्हणजे एटीआरमधल्या (पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानातल्या) सीटा रिकाम्या न्यायच्या. त्यात आपला मे महिना! तापलेली हवा विरळ, इंजिनाची ताकद आधीच घटलेली.

चिमणी १५ जून २०२३ला पाडली, गोव्याचं विमान जून २०२५मध्ये सुरू झालं. उंचीचा प्रश्न नकाशावर सुटला तर खर्च एका ना-हरकत दाखल्याचा. बांधून झाल्यावर सोडवायचा तर कोर्टकचेरी, पाडकाम आणि वाया गेलेली वर्षं.

काही नियम मात्र खरंच परवडत नाहीत. २ वर्षांखालच्या बाळाला विमानात स्वतंत्र सीट सक्तीची करायला अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) २००५मध्ये नकार दिला. बाळाचंही तिकीट काढावं लागलं तर काही कुटुंबं गाडीने निघतील आणि रस्त्यावर जास्त जीव जातील, असा तो हिशोब. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रात्री पुण्याहून गाडी हाकत येणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. तिकीट महाग करणारा प्रत्येक नियम या तराजूत घातलाच पाहिजे.

वैमानिकांच्या विश्रांतीला मात्र मी हात लावू देणार नाही. आठवड्याची विश्रांती ३६वरून ४८ तासांवर नेणारा नियम डीजीसीएने (आपल्या विमान वाहतूक नियामकाने) जानेवारी २०२४मध्ये जाहीर केला. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, कारण मधल्या जवळपास दोन वर्षांत पुरेसे वैमानिक तयार ठेवले गेले नव्हते.