वरसगावच्या वीस टक्क्यांत खडकवासला बुडतं

प्रश्न : सोसायटीच्या वार्षिक सभेत मी खर्चाचा पाय चार्ट (गोलाच्या फोडींचा आलेख) दाखवला. अकरा खाती, अकरा रंग. टँकरवर जास्त गेले की सिक्युरिटीवर, यावरच तासभर वाद! माझं काय चुकलं? (सेक्रेटरी, कोथरूड)

उत्तर : तासभराच्या वादाचं सगळं खापर चार्टवर फोडू नका, सभा पुण्यातली आहे. पण अकरा फोडी म्हणजे जास्तच झाल्या. कोनांतला फरक डोळ्याला नीट कळत नाही, एकाच रेषेपासून निघालेल्या पट्ट्यांची लांबी मात्र चटकन कळते. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोग करून हे दाखवलं. तेव्हा आडवा बार चार्ट काढा आणि सगळ्यात मोठा खर्च सगळ्यात वर ठेवा. पट्ट्या आडव्या असल्या की ‘लिफ्टची वार्षिक देखभाल’ मान वाकडी न करता वाचता येतं. पाय चार्ट दोन-तीन भागांपुरता ठीक. मेंटेनन्स भरलेले आणि थकबाकीदार, एवढंच दाखवायचं असेल तर खुशाल वापरा. थ्री-डी मात्र नको. त्यात पुढची फोड उगाच मोठी दिसते.

प्रश्न : वर्गाबाहेरच्या फलकावर मी दर सोमवारी पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साठ्याची टक्केवारी बार चार्टने दाखवते. मुलं म्हणतात, खडकवासला भरलं, आता पाण्याची काळजी नाही. (शिक्षिका, सिंहगड रस्ता)

उत्तर : मुलांनी चार्ट बरोबर वाचला, चार्टच चुकीचं सांगतोय. टक्केवारीत चारही धरणं एकाच मापाची दिसतात. प्रत्यक्षात खडकवासल्याची उपयुक्त क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५ आणि वरसगावची १२.८२. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी वरसगावच्या वीस टक्के पाण्याहून, म्हणजे साधारण २.५६ टीएमसीहून, ते कमीच. अर्धं टेमघरसुद्धा त्याच्या जवळपास जातं.

म्हणून टक्के काढून टीएमसी लावा. प्रत्येक धरणाचा स्तंभ त्याच्या क्षमतेएवढा फिकट रंगात काढा आणि सध्याचा साठा त्याच्यात खालून गडद भरा. तुमच्या पुस्तकातला विभाजित स्तंभालेखच हा. खडकवासल्याचा बुटका स्तंभ पूर्ण गडद आणि शेजारी वरसगावचा उंच स्तंभ जवळजवळ रिकामा, हे चित्र पाहिलं की मुलं आपणहून प्रश्न विचारतील.

जूनपासून साठा कसा वाढत गेला हे दाखवायचं असेल, तर दुसरा चार्ट लागेल. चारही धरणांची बेरीज घेऊन रेषालेख काढा आणि मागच्या वर्षीची रेषा फिकट ठेवा. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात कोंबू नका.

प्रश्न : साहेब म्हणतात, बार चार्टचा अक्ष ९० पासून सुरू कर, वाढ उठून दिसेल. करू का? (हिंजवडी)

उत्तर : नाही. बारमध्ये लांबी हाच आकडा असतो. ९० पासून सुरू केलंत तर ९२ आणि ९६ मधला फरक तिपटीचा दिसेल. साहेबांना वाढच दाखवायची असेल तर लाइन चार्ट द्या. तिथे अक्ष शून्यापासून नसला तरी चालतो, फक्त आकडे स्पष्ट लिहा.

प्रश्न : गुलटेकडी मार्केट यार्डातली कांद्याची आवक आणि भाव एकाच चार्टवर, डावीकडे एक अक्ष आणि उजवीकडे दुसरा, असं दाखवलंय. मार्गदर्शक नको म्हणतात. (एम.ए.चा विद्यार्थी)

उत्तर : मार्गदर्शकांचं ऐका. दोन अक्षांची मापं तुमच्याच हातात असल्यामुळे त्या रेषा हव्या तिथे छेदतील, हव्या तिथे चिकटून चालतील. काळानुसार बदल दाखवायचा असेल तर दोन चार्ट एकाखाली एक ठेवा, तारखा दोन्हीकडे एका रेषेत. दोन्हींचा संबंध तपासायचा असेल तर स्कॅटर प्लॉट काढा : आडवी आवक, उभा भाव, दर दिवसाचा एक ठिपका. एखादा ठिपका घोळक्यापासून लांब पडला तर खोडू नका. त्या दिवशी यार्ड बंद होतं, की सुट्टीनंतर गाड्या एकदम आल्या होत्या, हे एखाद्या आडत्याला विचारून या.