ओमान: पाटाच्या पाण्यामागून जाणारी आठ जणांची सहल

आपला प्रश्न असा आहे की, संस्कृतीने समृद्ध असलेल्या एखाद्या वाळवंटी देशात मित्रमंडळींबरोबर मनाजोगती सहल करायची झाली, तर कोणता देश निवडावा आणि ती कशी आखावी. मी ओमान निवडीन, आणि या निवडीमागे एक घरगुती कारण आहे.

माझे आजोळ धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी आहे. नदीवर बंधारा घालून पाट काढायचा, जमिनीचे फड पाडायचे आणि पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळीपाळीने पाणी घ्यायचे, ही फडपद्धत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. २०१९च्या जानेवारीत कामासाठी मस्कतला गेलो असता एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा मी निझवा या देशाच्या आतल्या भागातल्या शहराच्या अलीकडच्या बिर्कत अल मौझ या गावी गेलो. उघड्या, तांबूस डोंगराच्या पायथ्याशी खजुरीची दाट बाग होती आणि तिच्या कडेने जेमतेम हातभर रुंदीच्या पाटातून स्वच्छ पाणी वेगाने वाहत होते. एका वृद्ध बागवानाने चिंध्या गुंडाळलेला दगड पाटाच्या एका तोंडातून उपसला, दुसऱ्या तोंडात घट्ट दाबून बसवला आणि पाणी वळून दुसऱ्या वाफ्यांकडे निघाले. आमच्याकडे दारे धरणारा माणूस हेच करतो. परमुलखात असे आजोळ भेटेल, अशी माझी कल्पना नव्हती.

या पाटाला तिथे फलज म्हणतात. डोंगराखाली भूजल शोधून, जमिनीच्या पोटातून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणून, पंपाशिवाय ते पाणी कित्येक किलोमीटरवरच्या गावात आणायचे, असे हे तंत्र आहे. काही फलज झऱ्यांवर, तर काही वाडीच्या, म्हणजे डोंगरदऱ्यांतल्या ओढ्यांच्या, पाण्यावर चालतात. युनेस्कोने २००६ साली असे पाच फलज जागतिक वारसायादीत घेतले. बिर्कत अल मौझचा फलज अल खतमैन हा त्यांपैकीच एक असून गावाजवळ त्याचे पाणी तीन समान धारांत वाटले जाते. ओमानमध्ये असे सुमारे ३,००० फलज अजूनही वाहते आहेत. पाणी गावात शिरते तिथे आधी पिण्यासाठी घेतात, नंतर मशिदीसाठी आणि आंघोळीसाठी, आणि मग ते बागांकडे जाते. शेतकऱ्याचा वाटा वेळेत मोजतात. अथर हे त्याचे माप साधारण अर्ध्या तासाचे असते. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ठरावीक ताऱ्यांच्या उगवण्यावरून पाळी ठरत असे. या देशातली गावे, किल्ले आणि बाजार याच पाण्याभोवती वसलेले आहेत, म्हणून माझी सहलही पाण्यामागूनच जाईल.

आम्ही आठ जण जाऊ. चार-चारांच्या दोन फोर-बाय-फोर गाड्या भरतात, एक गाडी वाळूत रुतली तर दुसरी ओढून काढते, आणि जेवताना सगळे एका ताटाभोवती बसू शकतात. त्याहून मोठा गट झाला की बस येते, आणि बस आली की अर्धा वेळ माणसे मोजण्यात जातो. महिना डिसेंबर किंवा जानेवारी असावा. उन्हाळ्यात तिथे दुपारी बाहेर पडणे अवघड असते. एकूण नऊ रात्री पुरतात.

पहिल्या दोन रात्री मस्कतमध्ये काढाव्यात. सुलतान काबूस मशीद २००१ साली खुली झाली. तिथला गालिचा ७० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असून ६०० स्त्रियांनी तो चार वर्षांत विणला. मुस्लिमेतरांना तिथे सकाळीच प्रवेश असतो आणि शुक्रवारी नसतो, हे लक्षात ठेवावे. संध्याकाळी मत्रहच्या बाजारात लोबानाचा धूर, वेलची घातलेला कहवा आणि ओमानी हलवा यांच्या वासातून हिंडावे. सुटे पैसे घेताना नाण्याचे नाव जरूर ऐकावे. एका रियालचे १,००० बैसा होतात, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७०पर्यंत या देशात भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत असे.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्याने सूरकडे निघावे. वाटेत वाडी शाबच्या दरीत चालत जाऊन पोहता येते. सूरला लाकडी गलबते बांधण्याची जुनी परंपरा आहे, आणि त्यांसाठी लागणारे सागवान मलबारहून येत असे. इथे दोन रात्री थांबून, जवळच्या रास अल जिंझला हिरवी समुद्री कासवे पाहावीत. थंडीत ती कमी येतात, तरी रात्रीची फेरी मी टाळणार नाही.

तिथून वाडी बनी खालिदचे हिरवे डोह पाहून अश-शरकियाच्या वाळूत एकच रात्र. बिदिया गावात टायरांची हवा निम्म्यावर आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. सायंकाळी टेकाडावर जाऊन बसावे आणि बरोबर कोणीही स्पीकर आणू नये, एवढी एक अट मी गटाला आधीच घालीन.

पुढच्या तीन रात्री निझव्याला हव्यात, आणि त्यांत शुक्रवार आलाच पाहिजे. निघण्याची तारीख मी या शुक्रवारावरून उलटी मोजून ठरवीन. त्या दिवशी भल्या सकाळी किल्ल्याजवळ बकऱ्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक गोल रिंगण करून उभे राहतात, विक्रेते दोरीला धरलेली बकरी घेऊन त्यांच्यामधून गोल फिरत भाव पुकारतात, आणि एखादा वृद्ध गृहस्थ हात वर करून जनावर थांबवतो, त्याचे दात पाहतो, पाठ चाचपतो. शेतकरी घरातल्या माणसाला हे पाहताना दुभाष्या लागणार नाही. इथूनच जबरीनचा सतराव्या शतकातला वाडा, रंगवलेल्या लाकडी छतांसाठी, आणि बहलाचा मातीचा किल्ला पाहता येतो.

शेवटची रात्र मिसफत अल अबरीयीन या डोंगरउतारावरच्या गावात. तिथे दगडी घरांच्या बोळांतून आणि बागांच्या पायऱ्यांवरून फलज वाहतो. स्नानाच्या आणि घरगुती वापराच्या जागांचे फोटो काढू नयेत, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. माझा एक मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आहे. त्याला मी त्या पाटाच्या काठी बसवणार आहे आणि गावातल्या फलजाचा कारभार पाहणाऱ्या माणसाला, ज्याला तिथे वकील म्हणतात, भेटवणार आहे. दोघांना एकमेकांची भाषा येत नसली तरी वही आणि घड्याळ पुढ्यात ठेवल्यावर त्यांची सकाळ कशी जाईल, हे मला आत्ताच दिसते आहे. दुपारी जेवून निघालो तर रात्रीच्या विमानासाठी मस्कतला वेळेत पोहोचता येते.