कट केलेली यादी गेली कुठे?

प्रश्न : साखळीला आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. गावच्या जत्रेची पत्रिका दर वर्षी मीच करते. कुठल्या दिवशी कुठल्या महाजनाकडे यजमानपण, अशी ४० नावांची यादी मी गेल्या वर्षीच्या फाइलमधून कट केली. नव्या फाइलमध्ये टाकणार तोच एक गिऱ्हाईक आलं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी अर्ज हवा म्हणून. त्याचा सर्व्हे नंबर कॉपी केला, अर्ज दिला, आणि सवयीने जुनी फाइल सेव्ह करून बंद केली. संध्याकाळी पत्रिकेत पेस्ट केलं तर यजमानांच्या जागी सर्व्हे नंबर! यादी परत मिळेल का? आणि एकापेक्षा जास्त गोष्टी कॉपी करून ठेवता येतात का?

उत्तर : ताई, आधी वाईट बातमी. ती यादी गेली. फाइल उघडी असती तर कंट्रोल-झेड दाबत मागे जाता आलं असतं, पण सेव्ह करून बंद केल्यावर ती वाट राहत नाही. गेल्या वर्षीची छापील पत्रिका कुणाच्या ना कुणाच्या घरी देव्हाऱ्याजवळ असेलच. ती आणा आणि नावं पुन्हा टाइप करा. तेवढ्यात एखादं यजमानपण बदललं असेल तर तेही कळेल.

मी म्हापशाच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत असे. तिथे थोरल्या जुळाऱ्याने पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट बजावली होती : नव्या मजकुराचं प्रूफ वाचून होईपर्यंत जुना मजकूर सोडायचा नाही. सोडला, म्हणजे खिळे आपापल्या खणांत परतले, की सगळं परत जुळवा. तुमच्या कंट्रोल-एक्सचं, म्हणजे कटचं, हेच आहे. म्हणून मी कट वापरतच नाही. कॉपी करतो, पेस्ट करतो, डोळ्यांनी पाहतो, आणि मगच जुन्या जागचं पुसतो. दोन कळा जास्त पडतात, पडू देत.

ही कट-पेस्टची रीत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात बसवली, कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात. तुमच्या दुकानाच्या पाटीवरची तीच झेरॉक्स! पण कट किंवा कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं, त्या क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरी आली की पहिली जाते. सर्व्हे नंबराने तुमच्या महाजनांना असंच उठवलं.

आता उपाय. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवायची सोय आहे, विंडोज ११ मध्येही आहे. खिडकीच्या चित्राची विंडोज कळ दाबून धरा आणि व्ही दाबा. पहिल्यांदा तिथे ती सोय चालू करायचं बटण दिसेल. ते दाबलंत की त्यानंतर कॉपी केलेलं सगळं तिथे एकाखाली एक दिसायला लागतं. चालू करण्यापूर्वीचं काही सापडत नाही, म्हणून हे वाचून झाल्यावर लगेच करा. पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहू नका.

या यादीत २५ नोंदी राहतात. मजकूर येतो, चित्रंही येतात, प्रत्येक नोंद ४ एमबीपर्यंत. फोल्डरमधून अख्खी फाइल कॉपी केली तर ती मात्र इथे येत नाही. पंचवीसच्या वर गेलात की सगळ्यात जुनी नोंद गळते, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की यादी रिकामी होते. साखळीला वीज कशी जाते ते मी सांगायला नको.

गळू नये अशी नोंद असेल तर तिच्यावरची पिन दाबा. पिन केलेलं वीज गेली तरी राहतं. तुम्ही दिवसातून दहा वेळा ‘माननीय मामलेदार, डिचोली तालुका, डिचोली, गोवा’ टाइप करत असाल, ते पिन करून ठेवा. पत्रिकेतल्या ‘पालखी’, ‘महाप्रसाद’, ‘पावणी’ या ठरलेल्या ओळीही. पण पाच-सहांवर थांबा. सगळंच पिन केलंत तर शोधण्यात तेवढाच वेळ जातो.

वर्डला स्वतःचा वेगळा क्लिपबोर्डही आहे, २४ नोंदींचा. होम टॅबवर डाव्या टोकाला ‘क्लिपबोर्ड’ लिहिलंय, त्याच्या कोपऱ्यातला बारीक बाण दाबा. डाव्या बाजूला पट्टी उघडते. पत्रिका जुळवताना ती उघडी ठेवली की काय घेतलं आणि काय राहिलं ते समोर दिसतं.

जुन्या डीटीपी फॉन्टमधली नावं विंडोज-व्हीच्या यादीत रोमन अक्षरांची खिचडी दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. वर्डमध्ये टाकून तोच जुना फॉन्ट दिला की महाजन पुन्हा देवनागरीत येतात. कायमचं सुटायचं असेल तर कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरीच दिसणारा मजकूर, करून घ्या आणि मग एकेक नाव तपासा, जोडाक्षरांत घोळ होतात.

आणि तुम्ही विचारलं नाही, पण दुकान आहे म्हणून सांगतो. गिऱ्हाइकांचे आधार नंबर, बँकेचे खाते नंबर, सगळं याच यादीत साठणार. तुम्ही चहाला गेलात आणि कुणी विंडोज-व्ही दाबलं, तर सकाळपासूनचा अख्खा गाव त्याच्यासमोर. एकेका गिऱ्हाइकाचं काम झालं की त्याच्या नोंदी तीन टिंबांवर जाऊन डिलीट करा, आणि दुकान बंद करताना ‘क्लिअर ऑल’. त्याने पिन केलेल्या नोंदी जात नाहीत, म्हणून कुणाचा नंबर चुकूनही पिन करू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग क्लिपबोर्ड, तिथे इतर उपकरणांवर हीच यादी पाठवायची सोय आहे. ती दुकानात बंदच बरी.

प्रश्न : फोनवर भजनी मंडळाचे निरोप कॉपी करून ठेवते. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या क्लिपबोर्डमधून ते थोड्या वेळाने नाहीसे होतात. असं का? – वाचक, फोंडा

उत्तर : तिथे न पिन केलेला मजकूर एक तासच राहतो. निरोपावर बोट दाबून धरा, पिन करा. किंवा तो सरळ स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. मी तेच करतो.